दोन मुलांचा कायदा आणि तिसरी मुलगी

"डॉक्टर, तुम्ही काहीही म्हणा, कडक कायदा केल्याशिवाय आपल्या देशाची लोकसंख्या आटोक्यात येणार नाही."

हे वाक्य मी वर्षातून दहा-वीस वेळा तरी ऐकते. बोलणारा बहुतेक वेळा पुरुष असतो. कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन त्याचे झालेले नसते, त्याच्या बायकोचे झालेले असते.

काही वर्षांपूर्वी असाच एक तरुण बायकोला घेऊन माझ्या ओपीडीत आला. तो गावचा ग्रामपंचायत सदस्य होता. पदरी दोन मुली आणि बायकोला तिसऱ्यांदा दिवस गेलेले, तिसरा महिना. त्याने आडपडदा न ठेवता हिशेब मांडला. "मॅडम, तिसरं मूल झालं की माझं सदस्यपद जातं. मुलगा असेल तर राजीनामा द्यायला मी तयार आहे. पण मुलगी असेल तर पद कशाला घालवू? तेवढं तपासून सांगा."

मी नकार दिला. गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे, त्यासाठी तुरुंगवास आहे, हे सांगितले. त्याच्या बायकोला बाजूला घेऊन तिला काय हवे आहे ते विचारले. ती म्हणाली, "ते म्हणतील तसं." दोघे निघून गेले.

मला त्या माणसाचा राग आला होता. पण रात्री विचार करताना जाणवले, की मुलाचा हव्यास त्याच्या घरात पूर्वीपासून होता. त्या हव्यासाला 'मुलगी असेल तर तोटा' हे गणित मात्र सरकारी नियमाने जोडून दिले होते. ज्या नियमाचा हेतू चांगला होता, तो माझ्या टेबलापर्यंत पोहोचताना एका न जन्मलेल्या मुलीवर येऊन थांबला होता. म्हणून आज लोकसंख्या नियंत्रणाच्या सरकारी धोरणांबद्दल लिहायचे आहे.

आधी थोडे आकडे समजून घेऊ

लोकसंख्येच्या चर्चेत एक संज्ञा महत्त्वाची आहे, एकूण प्रजनन दर. सोप्या भाषेत, एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतात तो आकडा. हा दर २.१ च्या आसपास असला की एक पिढी स्वतःइतकीच पुढची पिढी मागे ठेवते. दोन मुले आईवडिलांची जागा घेतात, आणि वरचा दशांश मोठे होण्याआधी दगावणाऱ्या मुलांसाठी धरलेला असतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारताचा हा दर सहाच्या आसपास होता. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो ३.४ होता. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात तो २.० वर आला. महाराष्ट्राचा दर आहे १.७. म्हणजे 'हम दो हमारे दो' ही घोषणा देशाने सरासरीत गाठली आहे आणि महाराष्ट्राने तर मागे टाकली आहे.

मग लोकसंख्या अजून वाढते कशी? २०२३ मध्ये आपण चीनलाही मागे टाकले, ते कसे? हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की वीस-तीस वर्षांपूर्वी जन्मलेली मोठी पिढी आज संसाराला लागली आहे. प्रत्येक जोडप्याला दोनच मुले झाली, तरी जोडप्यांचीच संख्या मोठी असल्याने जन्म जास्त होतात. शिवाय माणसे पूर्वीपेक्षा जास्त जगतात. धावत्या एसटीचा ब्रेक दाबला तरी ती थोडे अंतर जाऊनच थांबते, तसे हे आहे. ब्रेक लागलेला आहे. तो आणखी जोरात दाबा म्हणणारे लोक गाडीत बसलेल्या माणसांचा विचार करत नाहीत.

सुरुवात वेगळी झाली होती

संततिनियमनाचा विचार आपल्याकडे सरकारी हुकमातून आलेला नाही, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटायला हवा. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्यासाठी त्यांना प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, खटले सोसले. एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाच्या वतीने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठरावही आला, तो फेटाळला गेला.

या लोकांच्या मांडणीच्या मध्यभागी 'देशाची लोकसंख्या' नव्हती. मध्यभागी होती सततच्या बाळंतपणांनी खंगलेली बाई. मूल कधी हवे, किती हवीत, हे तिला ठरवता आले पाहिजे, ही मूळ कल्पना होती.

१९५२ मध्ये भारताने सरकारी पातळीवर कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. असे करणारा जगातला हा पहिला देश. पुढे लाल त्रिकोण आला, १९६८ मध्ये निरोध आला, १९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा झाला. या कार्यक्रमाने लाखो स्त्रियांचे जीव वाचवले, हे मी एक स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून ठामपणे सांगते. बाळंतपणे कमी झाली, दोन मुलांत अंतर आले, की माता कमी दगावतात. माझा वाद कुटुंब नियोजनाशी नाही. वाद आहे तो जबरदस्तीशी.

उद्दिष्ट आले आणि माणूस हरवला

१९७१ मध्ये केरळातील एर्नाकुलम येथे एक प्रचंड शिबिर झाले. एका महिन्यात ६३ हजारांवर पुरुषांची नसबंदी झाली. लोकांना पैसे आणि भेटवस्तू मिळाल्या. या शिबिराचे देशभर कौतुक झाले आणि 'आकडा' हेच यशाचे माप ठरले.

मग आणीबाणी आली. एप्रिल १९७६ मध्ये राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर झाले. राज्या-राज्यांत चढाओढ लागली. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना माणसे आणण्याचे कोटे ठरवून दिले गेले. कोटा भरला नाही तर पगार अडायचा. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयकच १९७६ मध्ये मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही, हे आपले नशीब.

१९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आदल्या वर्षीच्या जवळजवळ तिप्पट. त्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. शहा आयोगापुढे नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आली. अविवाहितांची नसबंदी केल्याच्या ५४८ तक्रारी होत्या. पकडले गेले ते कोण? ज्यांना नाही म्हणता येत नव्हते ते. झोपडपट्टीतले लोक, मजूर, दलित, मुसलमान, रस्त्यावर झोपणारे.

१९७७ मध्ये लोकांनी मतपेटीतून उत्तर दिले. 'कुटुंब नियोजन' खात्याचे नाव बदलून 'कुटुंब कल्याण' झाले. १९७७-७८ मध्ये शस्त्रक्रियांचा आकडा दहा लाखांच्याही खाली घसरला. पण खरा परिणाम पुढेच आहे, आणि तो आजतागायत टिकला आहे. 'नसबंदी' या शब्दाची पुरुषांनी धास्ती घेतली. पुढाऱ्यांनी त्याहून जास्त घेतली. पुरुषांना हात लावायचा नाही, असे जणू सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकले. मग उद्दिष्टे कोणाकडून पूर्ण करायची? बायकांकडून.

ओझे बाईच्या पोटावर

२०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचा आकडा आहे ०.३ टक्के. पुन्हा वाचा, शून्य पूर्णांक तीन. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचे ऑपरेशन झालेले आहे.

वैद्यकीयदृष्ट्या हे गणित उलटे आहे. पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीत पोट उघडावे लागत नाही. जागा बधिर करून, कातडीला बारीक छिद्र पाडून शुक्रवाहिन्या बांधतात. दहा-पंधरा मिनिटांचे काम, त्याच दिवशी घरी. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत, ती टाक्याची असो की दुर्बिणीची, पोटाच्या आत शिरावे लागते. भूल, रक्तस्राव, आतड्याला इजा, जंतुसंसर्ग हे धोके कमी असले तरी पुरुषाच्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्तच. तरीही "त्यांना कष्टाची कामं करावी लागतात" म्हणून बाई स्वतःच टेबलावर चढते. तीच बाई आठव्या दिवशी डोक्यावर हंडा घेऊन निघालेली असते, तिची कामे कष्टात धरली जात नाहीत.

इथे मला माझ्याबद्दलही सांगितले पाहिजे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. मार्चअखेर जवळ आली की वरून विचारणा सुरू व्हायची, "तुमच्या केसेस किती झाल्या?" त्या बायकांना नाव नसायचे, त्या 'केसेस' असायच्या. शिबिराच्या दिवशी सकाळपासून उपाशी बसलेल्या तीस-चाळीस बायका, एक सर्जन, दोन टेबले. ऑपरेशन झाले की व्हरांड्यात सतरंजीवर ओळीने झोपवायचे. बाळे रडत असायची. संमतीच्या कागदावर अंगठे घेताना मी किती जणींना तांबी, गोळ्या, निरोध यांची माहिती दिली असेल? प्रामाणिकपणे सांगते, फारच थोड्यांना. वेळ नव्हता, आणि तांबीने माझे उद्दिष्ट भरत नव्हते. त्यात तेवीस-चोवीस वर्षांच्या मुली असत. पुढे त्यातल्या एकीचे मूल तापाने गेले. "ते ऑपरेशन उलटं करून देता येतं का हो बाई?" असे विचारत ती माझ्याकडे आली होती. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

१९९६ मध्ये सरकारने ही उद्दिष्टे अधिकृतपणे रद्द केली. २००० च्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणानेही ऐच्छिकतेचा पुरस्कार केला. पण सवयी शासननिर्णयाने जात नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. त्यात डझनाहून अधिक तरुण आया मरण पावल्या. २०१६ मध्ये देविका विश्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत अशी शिबिरे बंद करण्यास सांगितले. स्त्रीचा संमतीचा हक्क हा तिच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

दोन मुलांची अट: कागदावर आणि घरात

आता परत त्या ग्रामपंचायत सदस्याकडे येऊ.

महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाल्यास ग्रामपंचायत, पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेचे सदस्य होता येत नाही, असलेले पदही जाते. २००५ च्या नियमांनुसार सरकारी नोकरीसाठी अर्ज करताना 'लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन' द्यावे लागते. राजस्थान, हरियाणा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश, ओडिशा अशा अनेक राज्यांनी पंचायतींसाठी असे नियम केले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जावेद खटल्यात हरियाणाचा नियम वैध ठरवला. गंमत म्हणजे हरियाणाने स्वतःच तो नंतर मागे घेतला. मध्य प्रदेश, हिमाचल प्रदेश आणि छत्तीसगडनेही घेतला.

का घेतला असेल? मध्य प्रदेशच्या माजी मुख्य सचिव निर्मला बुच यांनी पाच राज्यांतील पंचायतींचा अभ्यास करून २००५ मध्ये या नियमाचे परिणाम मांडले. पद वाचवण्यासाठी बायकोला सोडून देणे, गर्भपात, मूल दुसऱ्याला देऊन टाकणे, मूल आपले नाहीच म्हणणे, असे प्रकार समोर आले. मूल दत्तक दिले तरी अपात्रता टळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. पण तसे खटले न्यायालयापर्यंत जातात, यातच सगळे आले.

हा नियम घरात शिरला की काय होते, ते पायरी-पायरीने पाहू.

पहिली पायरी. कुटुंबाला मुलगा हवाच असतो. पूर्वी मुलगा होईपर्यंत मुली होऊ दिल्या जात. आता 'दोनच' ही मर्यादा आली, पण मुलगा हवाच ही अट तशीच राहिली.

दुसरी पायरी. पहिली मुलगी झाली की दुसरी संधी ही शेवटची संधी ठरते. ती वाया जाऊ नये म्हणून चोरून तपासणी.

तिसरी पायरी. दुसरीही मुलगी झाली तर तिसऱ्या गर्भाचे भवितव्य लिंगावर ठरते. माझ्या ओपीडीत आलेला हिशेब तो हाच.

महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ झाल्या, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ मध्ये ८०७. हे सगळे दोन मुलांच्या नियमामुळे झाले असे मी म्हणणार नाही. हुंडा, वंशाचा दिवा, स्वस्त झालेली सोनोग्राफी आणि पैशासाठी काहीही करणारे आमचेच काही व्यवसायबंधू, हे सगळे त्याला जबाबदार आहेत. पण घर आधीच पेटलेले असताना सरकारने त्यात आपल्या हाताने वारा घालू नये, एवढे तरी म्हणता येईल.

आणखी एक विसंगती पाहा. पंचायतीत आपण स्त्रियांना आरक्षण दिले, महाराष्ट्रात तर निम्म्या जागा दिल्या. आणि मग अशी अट घातली, जी पाळणे त्या बाईच्या हातात नाही. किती मुले व्हावीत हे अनेक घरांत सासू आणि नवरा ठरवतात, शिक्षा मात्र निवडून आलेल्या सुनेला होते. पुन्हा, आमदार-खासदारांना ही अट नाही. खालच्या पायरीवरच्या माणसाला शिस्त लावायची आणि वरच्याला मोकळे सोडायचे, ही आणीबाणीतलीच जुनी रीत.

"पण चीनला जमलेच ना?"

हा प्रश्न हमखास येतो. चीनने १९८० च्या सुमारास एक मूल धोरण आणले. पण त्या आधीच, १९७० च्या दशकात, उशिरा लग्न आणि मुलांत अंतर यांवर भर देणाऱ्या मोहिमेच्या काळात चीनचा प्रजनन दर सहाच्या जवळून तीनच्या खाली आला होता. तीही मोहीम पूर्ण ऐच्छिक नव्हती, पण मोठी घट एक मूल धोरणाच्या आधीची आहे, हे लक्षात ठेवा.

एक मूल धोरणाने काय दिले? सक्तीचे गर्भपात. नैसर्गिकरीत्या दर १०० मुलींमागे १०५ च्या आसपास मुलगे जन्मतात, तिथे ते प्रमाण १२० च्या घरात गेले. कोट्यवधी तरुणांना लग्नाला मुली नाहीत. धोरणाच्या भीतीने ज्यांची नोंदच केली नाही अशी माणसे, ज्यांना ना ओळखपत्र, ना शाळा, ना दवाखाना. २०१० च्या जनगणनेत अशी सुमारे १.३ कोटी माणसे आढळली. २०१६ मध्ये चीनने दोन मुलांना आणि २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी दिली. तरीही मुले होत नाहीत आणि २०२२ पासून तिथली लोकसंख्या घटू लागली आहे. सरकारच्या हुकमाने गर्भपात करता येतात, पण हुकमाने पाळणे हलत नाहीत.

त्याच काळात केरळात काय झाले, याची तुलना अमर्त्य सेन यांनी केली आहे. १९७९ ते १९९१ या काळात चीनचा दर २.८ वरून २.० वर आला. केरळचा ३.० वरून १.८ वर आला. केरळने कोणाला शिक्षा केली नाही. मुली शाळेत गेल्या आणि दवाखाने जवळ आले.

मग मुले कशाने कमी होतात?

याचे उत्तर आम्हा डॉक्टरांना ओपीडीत रोज दिसते.

पहिले, मूल जगेल याची खात्री. ज्या काळी पाच मुलांतली दोन दगावत, त्या काळी आईवडील पाच मुले होऊ देत. लसीकरण, स्वच्छ पाणी आणि जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी यांनी कुटुंब लहान केले आहे.

दुसरे, मुलीचे शिक्षण. पाचव्या सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या स्त्रियांना सरासरी २.८ मुले होती, बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांना १.८.

तिसरे, लग्नाचे वय. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आहे. सतराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी पहिले बाळंतपण, एकविसाव्या वर्षी दुसरे आणि पंचविशीत ऑपरेशन. अशा मुलीला आपण 'कुटुंब नियोजन केलेली' म्हणतो. तिच्या आयुष्याचे नियोजन कोणी केले?

चौथे, साधने हाताशी असणे. तांबी, गोळ्या, तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन, आठवड्याची छाया गोळी, निरोध, हे सगळे सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आशाताईंना विचारा.

आणि धर्माचे काय? हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो, म्हणून मोकळेपणाने उत्तर देते. १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रियांचा प्रजनन दर ४.४ होता, २०१९-२१ मध्ये तो २.४ वर आला. हिंदू स्त्रियांचा ३.३ वरून १.९ वर आला. म्हणजे घट मुस्लिम समाजात जास्त वेगाने झाली, अंतर बरेच मिटले. केरळमधील मुस्लिम स्त्रीला बिहारमधील हिंदू स्त्रीपेक्षा कमी मुले होतात. फरक धर्मापेक्षा शाळा आणि दवाखान्याचा जास्त आहे.

आता वारे उलटे फिरते आहे

गंमत बघा. ज्या आंध्र प्रदेशाने तीन मुले असणाऱ्यांना स्थानिक निवडणुकीतून बाद केले होते, त्याच राज्याने २०२४ मध्ये तो नियम रद्द केला. मुख्यमंत्री आता जास्त मुले होऊ द्या म्हणत आहेत. म्हातारे वाढत आहेत, लोकसभेच्या जागा कमी होतील ही धास्ती आहे.

मला याचीही तेवढीच भीती वाटते. रुमानियात १९६६ मध्ये चाउशेस्कू यांच्या सरकारने लोकसंख्या वाढवण्यासाठी गर्भपातावर बंदी घातली आणि गर्भनिरोधके दुर्मीळ केली. पुढच्या दोन दशकांत हजारो स्त्रिया चोरून केलेल्या गर्भपातांनी मेल्या आणि अनाथालये नकोशा मुलांनी भरली. 'कमी मुले' आणि 'जास्त मुले' हे दोन्ही हुकूम शेवटी एकाच जागी लागू होतात, बाईच्या गर्भाशयावर.

मला काय वाटते

माझे मत स्पष्ट आहे. महाराष्ट्राने दोन मुलांची अट मागे घ्यावी. राज्याचा दर १.७ असताना तिचा उपयोग उरलेला नाही, अपाय मात्र चालू आहे. पैसा आणि माणसे बालविवाह रोखण्यासाठी, मुलींच्या बारावीपर्यंतच्या शिक्षणासाठी आणि गर्भलिंग तपासणी करणाऱ्या केंद्रांवर खटले चालवण्यासाठी लावावीत. वाढत्या ज्येष्ठांसाठी आतापासून सोय करावी. म्हातारपणी कोण बघणार, ही काळजी मिटली तर मुलाचा हव्यासही थोडा कमी होईल.

आणि पुरुषांशी बोलावे. देशातल्या दर तीन पुरुषांपैकी एकाला आजही वाटते, की गर्भनिरोधन हे बायकांचे काम आहे. वाचकांमधल्या पुरुषांना मी थेट सांगते. नसबंदीने ताकद जात नाही, इच्छा जात नाही, हार्मोन्स तेच राहतात. वीर्यही येते, फक्त त्यात शुक्रजंतू नसतात. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने दुसरे साधन वापरायचे, वीर्यतपासणी करून खात्री करून घ्यायची, एवढेच पथ्य. मुले पुरे झाली असे दोघांनी मिळून ठरवले असेल, तर पुढच्या वेळी बायकोला दवाखान्यात आणताना "कोणाचं ऑपरेशन सोपं आहे?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारून पाहा.

त्या ग्रामपंचायत सदस्याची बायको तीन-चार वर्षांनी माझ्याकडे पुन्हा आली. अंगावर पांढरे जात होते, रक्त कमी होते. सोबत जाऊ होती आणि एक लहान मुलगी. मुलगी खेळता खेळता पडली. रडत उठली आणि "आई" म्हणत जावेकडे धावली. माझ्या पेशंटचा हात पुढे झाला होता, तो तिने मागे घेतला. तिने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. दोघींनाही कळले होते. बाळंतपण माहेरी झाले होते आणि नाव जावेच्या कार्डावर लागले होते.

सदस्यपद वाचले होते. सरकारी दप्तरात ते कुटुंब आजही दोन मुलांचेच आहे.